कॅसेटमागचं संगीत कुणाचं? विसरलेल्या संगीतकाराचा माग असा काढा

मराठवाड्यातल्या कित्येक घरांत जुन्या लग्नाची कॅसेट अजून जपून ठेवलेली असते. हार घालताना, पंगत बसताना मागे एखादी अनोळखी विलायती धून वाजते. तिलाही संगीतकार असतोच. चित्रपट, रेडिओ आणि जाहिरातींसाठी तयार संगीताचा साठा पुरवणाऱ्या कंपन्या होत्या. लंडनची डी वुल्फ १९०९ पासूनची, म्युनिकची सोनोटॉन १९६५ ची. त्यांच्या तबकड्या दुकानात मिळत नसत, थेट स्टुडिओंकडे जात. म्हणून या संगीतकारांची नावं लोकांपर्यंत आलीच नाहीत.

जुन्या बाजारात किंवा बंद पडलेल्या स्टुडिओत तबकडीच मिळाली, तर काम सोपं. आधी लेबलवरचा क्रमांक लिहून घ्या. मग तबकडी उजेडात तिरपी धरा. शेवटच्या चाकोरीनंतरच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेली अक्षरं दिसतील, तीही जशीच्या तशी उतरवा. पाकीट बदललेलं असू शकतं, कोरलेला क्रमांक बदलत नाही. हे दोन्ही क्रमांक डिस्कॉग्जवर, म्हणजे तबकड्यांच्या नोंदी असलेल्या संकेतस्थळावर शोधा.

फक्त कॅसेट असेल, तर आधी वेग तपासा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच माग हरवतो. आवाज संगणकावर घ्या, ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये शांत जागा निवडा आणि वारंवारतेचा आलेख काढा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तुमच्या टेपरेकॉर्डरची स्वतःची, विजेमुळे येणारी बारीक गुणगुण ५० वरच दिसेल. तिच्या शेजारी ५३ वर आणखी एक टोक दिसलं, तर ती कॅसेट भरतानाची गुणगुण असण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे कॅसेट सुमारे ६ टक्के जलद वाजते आहे. एवढ्या फरकाने 'सा'चा कोमल 'रे' होतो आणि शझामसारखं ॲप ती धून ओळखेलच असं नाही. वेग सुधारून पुन्हा ऐकवा. ॲपने एखादं अलीकडचं गाणं दाखवलं, तर लगेच मानू नका. त्या गाण्यातच जुनी धून उचलून वापरलेली असू शकते.

संगीतकाराचं नाव मिळालं तरी ते खरं असेलच असं नाही. सोनोटॉनचे संस्थापक गेऱ्हार्ड नारहोल्झ यांनी नॉर्मन कँडलर, सॅमी बर्डसन, वॉल्ट रॉकमन अशा अनेक नावांनी रचना केल्या. म्हणून संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांच्या नोंदी पाहा. जर्मनीच्या गेमा या अशा संस्थेची रचनासूची इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. तिथे रचनेचा 'टी'ने सुरू होणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक मिळाला, तर तो टिपून ठेवा. एकाच शीर्षकाच्या अनेक रचना असतात, तेव्हा तोच उपयोगी पडतो.

गावातल्या जुन्या व्हिडिओ शूटिंगवाल्यांना भेटायला मात्र वेळ काढाच. "काका, मागचं म्युझिक तुम्ही कुठून आणायचात?" एवढं विचारलं तरी मूळ कॅसेट कुणाकडून यायची, हे बऱ्याचदा कळतं. त्यांची परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्ड करा.

दोन वेगवेगळे पुरावे जुळले, तरच नाव पक्कं धरा. मग कॅसेटच्या डबीवर खरं नाव, टोपणनाव, कंपनी आणि तबकडीचा क्रमांक लिहा, आणि डिस्कॉग्जवरची नोंद अपुरी असेल तर ती पूर्ण करा.