भागाकाराआधी: व्होल्ट आणि अँपिअर मोजण्याची तयारी

व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो, आणि दोन्हींचा गुणाकार केला की शक्ती. आकडेमोड एवढीच. उत्तर बिघडतं ते बहुधा त्याच्या आधी, कारण हाताशी आलेले दोन आकडे एकमेकांचे नसतात. व्होल्टेज बॅटरीचं असतं आणि करंट दिव्याचा. किंवा व्होल्टेज दिवा लावण्यापूर्वीचं आणि करंट नंतरचा. म्हणून पहिली तयारी कागदावर करा. ज्या वस्तूचा रोध हवा तिची आकृती काढा, तिच्या दोन टोकांना नावं द्या, आणि व्होल्टेज त्याच टोकांमधलं, करंट त्याच वस्तूतून जाणारा आणि दोन्ही मापं एकाच वेळची घ्यायची हे आधीच पक्कं करा.

पुरवठा कमी व्होल्टचा, डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) निवडा. १२ व्होल्टची बॅटरी पुरेशी आहे. भिंतीतल्या प्लगवर हा प्रयोग करू नये. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज, करंट आणि रोध तिन्ही मोजणारा मीटर, दोन मिळाले तर फार सोय होते. एकावरही काम होतं, पण करंटसाठी मीटर मधे घातला की त्याच्यावरही थोडं व्होल्टेज पडतं, दिव्याला तेवढं कमी मिळतं, आणि दोन मापांच्या वेळची परिस्थिती तंतोतंत सारखी राहत नाही.

मीटर जोडण्याआधी लाल प्रोब कोणत्या भोकात आहे ते पाहा. करंट किती येईल याचा अंदाज वस्तूवर छापलेल्या वॅटवरून घ्या: १२ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा म्हणजे पावणेदोन अँपिअर, तेव्हा मिलिअँपिअरचं भोक नको, १० अँपिअरचं हवं. अंदाज नसेल तर सगळ्यात मोठ्या रेंजपासून खाली या. करंटचा मीटर नेहमी एकसर, म्हणजे करंटच्या वाटेतच, जोडा. त्याचा स्वतःचा रोध इतका कमी असतो की बॅटरीला समांतर लावला तर शॉर्ट सर्किटच होतं. नशीब चांगलं असेल तर फक्त फ्यूज जातो.

व्होल्टमीटर कुठे टेकवायचा, हे बरेच जण सोडून देतात. तो थेट वस्तूच्या टोकांवर टेकवा, बॅटरीच्या टोकांवर नाही. समजा, बॅटरी नुसती असताना १२.६ व्होल्ट दाखवते, आणि दिवा लागल्यावर दिव्याच्या टोकांवर ११.८ व्होल्ट आणि करंट १.७२ अँपिअर येतो. रोध ६.८६ ओहम, शक्ती २०.३ वॅट. इथे १२.६ वापरले असते तर रोध ७.३३ ओहम आणि शक्ती २१.७ वॅट निघाली असती. मधले ०.८ व्होल्ट तारा, जोड, करंटचा मीटर आणि बॅटरीचा आतला रोध मिळून खातात. त्यांचा हिशेब दिव्याच्या नावावर टाकण्यात अर्थ नाही. उलट, वस्तूचा रोध मेगाओहममध्ये असेल तर ही जोडणी बदला. साधारण डिजिटल मीटर व्होल्टेज मोजताना स्वतः १० मेगाओहमचा असतो, आणि १ मेगाओहमला समांतर लागला की उत्तर ०.९१ मेगाओहम येतं. अशा वेळी करंटचा मीटर व्होल्टमीटरच्या आत, म्हणजे फक्त वस्तूच्याच रांगेत ठेवावा.

फिलामेंटचा दिवा असेल तर आणखी एक पथ्य. थंड दिवा ओहमच्या रेंजवर मोजून मिळणारा आकडा वरच्या ६.८६ शी जुळवायला जाऊ नका. तापलेल्या टंगस्टनचा रोध थंडपेक्षा दहापट किंवा त्याहूनही जास्त असतो. दिवा लावून उजेड स्थिर होऊ द्या, मग दोन्ही आकडे लागोपाठ टिपा. साध्या कार्बन किंवा धातूच्या पातळ थराच्या रेझिस्टरला एवढं सोवळं लागत नाही, पण त्याचे वॅट आधी काढा. १०० ओहमवर १२ व्होल्ट म्हणजे ०.१२ अँपिअर, १.४४ वॅट. पाव वॅटचा रेझिस्टर तिथे जळणार हे मोजण्यापूर्वीच कळतं.

वहीत आकड्यापुढे एकक लिहूनच आकडा पूर्ण झाला असं समजा. व्होल्टला मिलिअँपिअरने भागलं तर उत्तर किलोओहममध्ये येतं, गुणलं तर मिलिवॅटमध्ये: ५ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर म्हणजे ०.२५ किलोओहम, १०० मिलिवॅट. ही जोडी लक्षात ठेवली की शून्यांची ओढाताण वाचते. दशांशाचा लोभही आवरा. व्होल्टेजमध्ये १ टक्का आणि करंटमध्ये २ टक्के चूक शक्य असेल, तर रोध आणि शक्ती दोन्हींत ३ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, मग ६.८६०५ लिहिणं म्हणजे फुशारकी. पडताळा म्हणून करंटचा वर्ग गुणिले रोध करून पाहा, पुन्हा २०.३ च यायला हवेत. अर्थात यातून फक्त आकडेमोडीतली चूक सापडते, मोजमापातली नाही.

एसीवर (दिशा सतत बदलणाऱ्या विजेवर) मोटर किंवा चोक (तारेचं वेटोळं) असेल तर ही यादी अपुरी आहे. तिथे गुणाकारातून व्होल्ट-अँपिअर मिळतात, खरे वॅट नाहीत. त्यासाठी पॉवर फॅक्टर (खरे वॅट आणि व्होल्ट-अँपिअर यांचं गुणोत्तर) किंवा वॅटमीटर लागतो.

काम झालं की आधी पुरवठा बंद करा, मग तारा सोडा, आणि लाल प्रोब लगेच व्होल्टेजच्या भोकात परत लावा. मीटर पुढे ज्याच्या हाती जाईल तो बहुधा आधी बॅटरीच तपासेल.