लंगडणाऱ्या मुलाच्या सांध्याची सोनोग्राफी: आधीची तयारी

अपॉइंटमेंट देतानाच पालकांना स्पष्ट सांगा की ही पोटाची सोनोग्राफी नाही. उपाशी ठेवू नका, लघवी रोखायला लावू नका. तान्ह्याला तर दूध पाजूनच आणावं. अपवाद एकच: ताप आहे आणि मूल पाय टेकवायलाच तयार नाही. तिथे भूल देऊन सांध्यातलं पाणी काढावं लागू शकतं, म्हणून खाऊ घालण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना विचारायला सांगा. हळद-चुन्याचा लेप नको. वाळलेल्या लेपात हवा अडकते आणि खालचं काही दिसत नाही. जुने एक्स-रे सोबत हवेतच.

नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीत जेलची बाटली कोमट पाण्यात ठेवा. गार जेल लागताच मूल पाय आखडून घेतं आणि मग हात लावू देत नाही. मे महिन्यात उलट, खिडकीजवळची बाटली तापलेली असते. थेंब आधी आपल्या मनगटावर.

प्रोब (अंगावर टेकवायचा भाग) लिनियर, म्हणजे सरळ तोंडाचा, 7 ते 15 मेगाहर्ट्झचा. बोटांसाठी हॉकी-स्टिक आकाराचा छोटा प्रोब असेल तर उत्तम. रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लरचा पीआरएफ (सेकंदाला किती ध्वनिस्पंद सोडायचे ती सेटिंग) कमी ठेवा, जेलचा थर जाड द्या आणि प्रोब नुसता टेकवा. दाबला की बारीक रक्तप्रवाह दिसेनासा होतो.

दोन्ही पाय उघडे करूनच झोपवा आणि चांगल्या बाजूपासून सुरुवात करा. यात सूट नाही. लहान मुलाचं कार्टिलेज (कूर्चा, हाडाच्या टोकाचा मऊ भाग) स्क्रीनवर काळं दिसतं आणि पाण्यासारखं फसवतं. प्रोबने दाबल्यावर पाणी सरकतं, कार्टिलेज जागचं हलत नाही. वाढत्या हाडाच्या टोकाशी निरोगी मुलातही रक्तप्रवाह दिसतो, त्याला सूज समजू नये. खुब्यात प्रोब मांडीच्या हाडाच्या मानेला समांतर धरून हाडापासून कॅप्सूलपर्यंतचं (सांध्याभोवतीच्या आवरणापर्यंतचं) अंतर मोजा: 5 मिलिमीटरपेक्षा जास्त, किंवा दोन बाजूंत 2 मिलिमीटर वा अधिक फरक, म्हणजे पाणी. ते साधं की पू, हे नुसत्या चित्रावरून ठरत नाही. रिपोर्टमध्ये तसं लिहा, नाहीतर पुढचा डॉक्टर निर्धास्त राहतो आणि पू सांधा खात जातो.

एकच गुडघा रेंगाळत सुजला असेल तर बाभळीच्या काट्याची चौकशी करा. घरच्यांना तो आठवत नसतो, एक्स-रेत सहसा दिसत नाही. सोनोग्राफीत पांढरी रेघ आणि बहुधा मागे सावली दिसते. ट्रेमध्ये त्वचेवर खूण करायचा पेन त्यासाठीच. खूण करताना गुडघा किती वाकवला होता आणि काटा किती मिलिमीटर खोल आहे, हे मूल टेबलावर असतानाच लिहून घ्या. पाय हलला की काट्यावरची त्वचा सरकते आणि सर्जनला चुकीच्या जागी शोधावं लागतं.