रेडिओने वळवले जाणारे जहाजविरोधी बॉम्ब : लिहिताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रेडिओ-नियंत्रित बॉम्बविषयी लिहिताना पहिली गफलत नावातच होते, कारण फ्रिट्झ-एक्स आणि हेन्शेल एचएस २९३ ही दोन अस्त्रे सर्रास एक मानली जातात. छायाचित्राखाली ओळ लिहिण्यापूर्वी पंख पाहावेत. छोट्या विमानासारखे दोन पंख आणि पोटाखाली टांगलेले रॉकेट दिसले, तर ते हेन्शेल. फुलीसारखे चार आखूड पंख असतील आणि रॉकेट नसेल, तर तो जाड चिलखत भेदण्यासाठी उंचावरून सोडायचा फ्रिट्झ-एक्स.

‘लक्ष्य शोधून जाणारा बॉम्ब’ हे वर्णन तर साफ चुकीचे आहे. बॉम्बला काहीच दिसत नसे. विमानातला माणूस त्याच्या शेपटीकडील झगझगीत ज्योत नजरेने जहाजाशी जुळवत हातातली छोटी दांडी हलवत असे. साहजिकच बॉम्ब आदळेपर्यंत विमानाला पळ काढता येत नसे, आणि जहाजाने धुराचा पडदा पसरला की सगळे गणित फिसकटे.

अशा बॉम्बने बुडालेले पहिले जहाज ‘रोमा’ नव्हे. बिस्केच्या उपसागरात २७ ऑगस्ट १९४३ रोजी हेन्शेलने ब्रिटिश युद्धनौका ‘एग्रेट’ आधीच बुडवली होती. ९ सप्टेंबरला बुडालेली इटालियन ‘रोमा’ ही जर्मनीच्या कालपर्यंतच्या मित्राची युद्धनौका होती, कारण इटलीचा युद्धविराम आदल्याच दिवशी जाहीर झाला होता. तिच्यावरचा पहिला फ्रिट्झ-एक्स डेकवर फुटला असे लिहू नये. तो जहाज आरपार भेदून खाली पाण्यात फुटला.

खलाशांनी विजेची दाढीयंत्रे चालू करून रेडिओ संदेशात अडथळा आणला आणि बॉम्ब भरकटवले, ही गोष्ट रंजक असली, तरी उपाय म्हणून ती सांगू नये. सुरुवातीचे अमेरिकी जॅमर, म्हणजे रेडिओ संदेश बिघडवणारी यंत्रे, चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर चालत होते, खरा पट्टा ४८ ते ५० मेगाहर्ट्झचा होता. पुढे टाइप ६५० या ब्रिटिश जॅमरने नेमकी वाहिनी शोधण्याची कटकटच संपवली, कारण वाहिनी कोणतीही असली, तरी बॉम्बमधल्या रिसीव्हरच्या आत संदेश ज्या ३ मेगाहर्ट्झवर आणला जाई, त्या टप्प्यातच तो गोंधळ माजवी.

अल्जीरियाजवळ २६ नोव्हेंबर १९४३ रोजी हेन्शेलने बुडवलेल्या ‘रोहना’ या सैनिकवाहू जहाजाबाबत १,०१५ हा मृतांचा आकडा लिहून बहुतेक जण थांबतात. तो केवळ अमेरिकी सैनिकांचा आहे. जहाज ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे होते, आणि त्यावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. त्यांच्यातले शंभराहून अधिक मेले.