मराठी पावत्यांची पीडीएफ सर्व्हरवरून काढताना: फॉन्ट आणि सिक्युरिटीची सेटिंग

समजा सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या दर महिन्याला स्क्रिप्टने मराठीत काढून सभासदांना मेल करायच्यात. लॅपटॉपवर पावती झकास दिसते, सर्व्हरवर टाकली की एकतर नुसते चौकोन येतात नाहीतर 'शिंदे'तली वेलांटी श च्या आधी यायच्या ऐवजी नंतर येऊन बसते. हे दोन वेगळे आजार आहेत, औषधं पण वेगळी.

चौकोन म्हणजे सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नाही, डॉकरच्या (प्रोग्रॅम डब्यात बंद करून चालवायची सोय) स्लिम, म्हणजे काटछाट केलेल्या इमेजमध्ये तर तो नसतोच. डेबियन लिनक्सवर फॉन्ट्स-नोटो-कोर हे पॅकेज टाका, त्यात नोटो सान्स देवनागरी येतो, किंवा मुक्ता हा फॉन्ट आवडत असेल तर त्याच्या टीटीएफ फाइली सिस्टिमच्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाकून एफसी-कॅश ही कमांड चालवा (फॉन्टची यादी ताजी होते) आणि एफसी-लिस्टच्या यादीत नाव येतंय का बघा. बोल्डची फाइल पण टाका, नाहीतर रेग्युलर अक्षरंच ओढूनताणून जाड केली जातात आणि छपाईत चिखल दिसतो.

वेलांटी चुकते तिथे मात्र दहा फॉन्ट बदलून काही होणार नाही, कारण अक्षरं जोडायचं काम शेपिंग इंजिन करतं, बहुतेक ठिकाणी हार्फबझ. एचटीएमएलची पीडीएफ करणारं वीझीप्रिंट पँगो या लायब्ररीमार्फत तेच वापरतं, हेडलेस (खिडकी न उघडता चालणाऱ्या) क्रोममध्ये पण ते आहेच. एफपीडीएफ-टू या पायथन लायब्ररीमध्ये टेक्स्ट शेपिंग मुद्दाम चालू करावं लागतं. पीएचपीतलं डॉमपीडीएफ मराठीसाठी सोडून द्या, आणि डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ या जुन्या टूलचं काम बंद पडलंय, नव्या प्रोजेक्टला घेऊ नका. मी वीझीप्रिंट घेईन.

एचटीएमएलच्या टॅगमध्ये लँग एमआर (भाषा मराठी) लिहायला विसरू नका, नोटोसारख्या फॉन्टमध्ये त्यानेच ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. मग ही ओळ छापून बघा: "कऱ्हाड, दर्या, दऱ्या, श्री ज्ञानेश्वर, क्रमांक, ₹१,२५०". दर्या आणि दऱ्या वेगळे दिसले पाहिजेत. रुपयाचं चिन्ह युनिकोडमध्ये २०१० साली आलं, जुन्या फॉन्टात ते नसतं. शेवटी पीडीएफफॉन्ट्स कमांड चालवा, एम्बेडच्या रकान्यात सगळीकडे यस हवं, म्हणजे फॉन्ट पीडीएफमध्येच बसलाय. (सभासदांची यादी श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीची टायपिंगची पद्धत) असेल तर आधी युनिकोड करून घ्या, त्याशिवाय वरचं सगळं फुकट.)

आता सिक्युरिटी. लोक थेट पासवर्डवर जातात, पण खरी भानगड त्याच्या आधीच असते. नावाच्या रकान्यात कोणी एचटीएमएल टाकलं तर ते तुमच्या सर्व्हरवर चालतं, आणि वीझीप्रिंटमध्ये अटॅचमेंटची लिंक देऊन सर्व्हरवरची फाइल पीडीएफच्या पोटात घालून बाहेर नेता येते. म्हणून जिंजाचं (पावतीच्या साच्यात नावं-आकडे भरणारी पायथन लायब्ररी) ऑटोएस्केप चालू करा, म्हणजे टाकलेलं एचटीएमएल साधा मजकूर म्हणून छापलं जाईल; नुसतं जिंजा वापरलं तर ते बंदच असतं. शिवाय वीझीप्रिंटसाठी फाइली आणून देणारा भाग, यूआरएल फेचर, स्वतःचा लिहा, जो फक्त लोगो आणि फॉन्टचं फोल्डर वाचू देईल, बाकी सगळ्याला नाही म्हणेल. बाहेरून फॉन्ट ओढणं पण बंद. २०२२ मध्ये डॉमपीडीएफमध्ये नेमकं हेच सापडलं होतं, फॉन्टच्या नावाखाली पीएचपीची फाइल कॅशमध्ये उतरवून सर्व्हरवर कोड चालवता येत होता.

पासवर्ड लावायला क्यूपीडीएफ हे कमांडचं टूल घ्या, एन्क्रिप्शन २५६ बिट ठेवा. यूजर पासवर्डने फाइल उघडते, ओनर पासवर्डने बंधनं बदलता येतात, दोन्ही वेगळे ठेवा आणि ओनरचा रिकामा सोडू नका. 'कॉपी करता येणार नाही, प्रिंट काढता येणार नाही' ही बंधनं फक्त सभ्य व्ह्यूअर पाळतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर काही गुप्त ठेवू नका. पासवर्ड कमांडच्या ओळीत लिहिला तर सर्व्हरवरच्या बाकीच्यांना प्रोसेसच्या यादीत दिसतो, क्यूपीडीएफ अॅट चिन्ह लावलेल्या फाइलमधून पर्याय वाचतं, ते वापरा. आणि नावाची चार अक्षरं अधिक जन्मसाल असला पासवर्ड नको, सोसायटीत सगळे सगळ्यांना ओळखतात!

पावती मेलऐवजी लिंकने देत असाल तर फाइलला पावती-१०१, पावती-१०२ अशी नावं देऊ नका, शेजारच्याची थकबाकी बघायला आकडा बदलला की झालं. लांबलचक रँडम नाव द्या, आणि लिंक उघडताना लॉगिन तपासा.