स्कॉटलंडचं सार्वमत आणि माध्यमांचा पक्षपात: प्रबंधाला हात घालण्याआधी शून्य कुठे ते ठरवा

स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यवादावर प्रबंध घेणाऱ्या नव्या विद्यार्थ्याचा पहिला मसुदा बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतो: बीबीसी आणि वृत्तपत्रं स्वातंत्र्याच्या विरोधात होती. वाक्य खोटं आहे असं नाही. पण ते सिद्ध कसं करायचं हे न ठरवता लिहिलं, तर तोंडी परीक्षेत पाच मिनिटांत त्याच्या चिंध्या होतात. ग्लासगो, एडिनबरा, स्टर्लिंगला माध्यमशास्त्र किंवा राज्यशास्त्र शिकायला गेलेले आणि इथे महाराष्ट्रात बसून हा विषय घेतलेले, अशा दोघांसाठी हे लिखाण आहे. स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा का यावरचं १८ सप्टेंबर २०१४ चं सार्वमत, ‘नाही’ ५५.३ टक्के, ‘हो’ ४४.७ टक्के, ८४.६ टक्के मतदान, सोळाव्या वर्षी मताचा हक्क, इतपत तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढे जाऊ.

आधी धीर देणारी गोष्ट. हा विषय नवख्याला झेपणारा आहे. प्रश्न एका ओळीचा, बाजू दोनच, तारखा पक्क्या. सार्वमताचा अधिकृत प्रचारकाळ ३० मे ते १८ सप्टेंबर २०१४, म्हणजे सोळा आठवडे. नमुना कुठून कुठपर्यंत घ्यायचा यावर डोकं फोडावं लागत नाही.

वृत्तपत्रं आणि दूरचित्रवाणी यांना एका प्रकरणात कोंबू नका. ब्रिटनमध्ये वृत्तपत्राने बाजू घेणं हा गुन्हा नाही, नियमभंगही नाही. संपादकांची आचारसंहिता अचूकता मागते, मत आणि वस्तुस्थिती वेगळी ठेवायला सांगते, समतोल मागत नाही. प्रसारकांना मात्र निःपक्षतेचं बंधन आहे. त्यातही एसटीव्ही या स्कॉटलंडच्या खासगी वाहिनीवर देखरेख ऑफकॉम या प्रसारण नियामकाची, तर बीबीसीच्या निःपक्षतेच्या तक्रारींवर २०१४ मध्ये शेवटचा शब्द बीबीसीच्याच देखरेख मंडळाचा, बीबीसी ट्रस्टचा. ते काम ऑफकॉमकडे आलं एप्रिल २०१७ मध्ये. २०१४ च्या तक्रारीला आजचा नियम लावला, की परीक्षक तिथेच बोट ठेवतात.

मतदानाआधी उघडपणे ‘हो’च्या बाजूने उभं राहिलेलं वृत्तपत्र एकच, ‘संडे हेराल्ड’, ४ मे २०१४ च्या अंकात. त्याच समूहाचा दैनिक ‘हेराल्ड’ ‘नाही’कडे गेला, ‘स्कॉट्समन’ही. ‘डेली रेकॉर्ड’ने १६ सप्टेंबरला तिन्ही मोठ्या ब्रिटिश पक्षांचे नेते कॅमेरन, मिलिबँड आणि क्लेग यांच्या सह्यांची, ‘नाही’ जिंकलं तर स्कॉटलंडला जादा अधिकार देण्याची शपथ पहिल्या पानावर छापली. म्हणजे ‘अग्रलेख एकतर्फी होते’ हा तुमचा शोध होऊ शकत नाही, ते त्यांनी स्वतःच छापून सांगितलं आहे. शोधायचं ते हे, की अग्रलेखातली भूमिका बातमीच्या पानांत उतरली का, आणि उतरली तर कुठल्या वाटेने.

आता ज्या खड्ड्यात निम्मे प्रबंध जातात त्याकडे येऊ. यावर जरा जास्तच लिहिणार आहे, कारण बाकीच्या सगळ्या चुका दुरुस्त होतात, ही होत नाही.

जानेवारी २०१४ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट ऑफ स्कॉटलंडचे जॉन रॉबर्टसन यांचा अभ्यास आला. सप्टेंबर २०१२ ते सप्टेंबर २०१३ या वर्षातल्या बीबीसी आणि एसटीव्हीच्या संध्याकाळच्या बातम्या त्यांनी मोजल्या, सुमारे ७३० तास. ‘नाही’ला सोयीची विधानं आणि ‘हो’ला सोयीची विधानं यांचं प्रमाण साधारण ३:२ निघालं. बीबीसीने पद्धतीवर आक्षेप घेतला, मार्चमध्ये प्रकरण होलिरूडच्या, म्हणजे स्कॉटिश संसदेच्या, शिक्षण आणि संस्कृती समितीसमोर गेलं. तेव्हापासून ३:२ हा आकडा प्रत्येक नवा विद्यार्थी उचलतो आणि पक्षपाताचा पुरावा म्हणून चिकटवतो.

पण ३:२ हे कशाच्या तुलनेत जास्त? तराजूचा काटा रिकाम्या पारड्यांना कुठे उभा होता, हे सांगितल्याशिवाय तो किती झुकला हे सांगता येत नाही. आणि इथे शून्य एक नाही, पाच आहेत.

दोन बाजू समान धरल्या तर शून्य १:१. मग ३:२ हा सरळ झुकाव आहे. पक्षांची संख्या धरली तर होलिरूडमध्ये स्वातंत्र्याच्या बाजूने एसएनपी (स्कॉटिश नॅशनल पार्टी) आणि ग्रीन, विरोधात लेबर, कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट, म्हणजे ‘नाही’ ३, ‘हो’ २. प्रत्येक पक्षाचा एकेक माणूस कॅमेऱ्यासमोर आणला की ३:२ आपोआप तयार होतं, कुणी काही न ठरवता. होलिरूडच्या जागा धरल्या तर चित्र उलटतं: २०११ च्या निवडणुकीत एसएनपी ६९, ग्रीन २ आणि स्वातंत्र्यवादी अपक्ष मार्गो मॅकडोनाल्ड, मिळून १२९ पैकी ७२. या मापाने ३:२ फारच वाईट दिसतं. वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या, जागा धरल्या तर २०१० मध्ये स्कॉटलंडच्या ५९ खासदारांपैकी एसएनपीचे फक्त ६, मग ३:२ म्हणजे ‘हो’वर मेहेरबानी. आणि जनमत चाचण्या धरल्या, तर २०१३ मध्ये अनिश्चित मतदार वगळून ‘नाही’ साधारण साठच्या आसपास होतं. म्हणजे पुन्हा ३:२, या खेपेला चक्क लोकमताचं प्रतिबिंब.

एकच आकडा पाच मापांनी पाच गोष्टी सांगतो. यातलं कुठलं माप न्याय्य, हे मोजणी ठरवत नाही, तुम्ही ठरवायचं, आणि मोजणीआधी कागदावर लिहून ठेवायचं. आकडा हाती आल्यावर माप निवडलं तर तो अभ्यास उरत नाही, वकिली होते. सार्वमतात १:१ हेच माप योग्य, असं माझं ठाम मत आहे, कारण मतपत्रिकेवर पक्ष नव्हते, दोन उत्तरं होती. पण त्यावरही एक अडचण आहे: रॉबर्टसन यांचं वर्ष अधिकृत प्रचारकाळाच्या आधीचं. त्या वर्षी प्रसारक रोजच्या राजकारणाची बातमीदारी करत होते, आणि रोजच्या राजकारणात पक्षनिहाय समतोलाची सवय असते. ही सवय सार्वमताच्या विषयाला लागू केली हीच चूक होती, असा युक्तिवाद तुम्ही करू शकता, आणि तो चांगला युक्तिवाद आहे. फक्त तो करावा लागतो, ३:२ म्हणून सोडून देता येत नाही.

याच खड्ड्याचा दुसरा भाग: ‘हो’ला गैरसोयीची बातमी म्हणजे पक्षपाती बातमी नव्हे. बदल मागणाऱ्याला प्रश्न जास्त विचारले जातात. चलन कुठलं, पेन्शन कोण देणार, युरोपियन युनियनचं काय, हे सगळे प्रश्न एकाच बाजूकडे वळतात, कारण दुसऱ्या बाजूचं उत्तर ‘आहे तसंच’ हे असतं. ‘आहे तसंच’ यातली जोखीम बातमीत येत नाही. हा रचनेतला कल आहे, त्याला कुणा संपादकाचा हेतू लागत नाही. तो दाखवायचा असेल तर दोन्ही बाजूंना विचारलेल्या प्रश्नांची वेगळी यादी करा, विधानांची नको.

हे नीट पाहायला एकच बातमी पुरते. ११ सप्टेंबर २०१४ ला रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने जाहीर केलं, की ‘हो’ जिंकलं तर नोंदणीकृत मुख्यालय इंग्लंडला नेऊ. आदल्या रात्रीच ट्रेझरीच्या, म्हणजे ब्रिटनच्या अर्थखात्याच्या, सूत्रांकडून ती बातमी बीबीसीकडे पोचली होती. त्याच दिवशी बँकेचे मुख्याधिकारी रॉस मॅकईवन यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहिलं, की ही कायदेशीर नोंदणीची बाब आहे, कामकाज किंवा नोकऱ्या हलवण्याचा इरादा नाही. आता या बातमीला ‘नकारात्मक’ असा एकच शिक्का मारून काय हाती लागणार? तिला तीन रकाने द्या. घटना कोणाच्या सोयीची: ‘नाही’च्या. बातमीदाराची स्वतःची भाषा: तटस्थ की रंगवलेली, क्रियापदं आणि विशेषणं पाहून. आणि मॅकईवन यांचं पत्र कितव्या परिच्छेदात आलं, की आलंच नाही. पहिल्या रकान्याबद्दल वृत्तपत्राला जबाबदार धरता येत नाही. पक्षपात असेल तर तो दुसऱ्या-तिसऱ्यात सापडतो.

त्याच दिवशी एडिनबरात ‘हो’ बाजूचे नेते आणि स्कॉटलंड सरकारचे तेव्हाचे प्रमुख अॅलेक्स सॅमंड यांची पत्रकार परिषद झाली. बीबीसीचे निक रॉबिन्सन यांच्या प्रश्नाला दोन तोंडं होती: मुख्यालय गेल्याने कंपनी कराचं किती नुकसान, आणि हजारो कोटींचा कारभार पाहणाऱ्यांऐवजी लोकांनी राजकारण्यावर विश्वास का ठेवावा. सॅमंड यांनी पहिल्या भागाला लांबलचक उत्तर दिलं, की कर पाटीवर नव्हे, व्यवसाय जिथे चालतो तिथे लागतो. संध्याकाळच्या वृत्तात मात्र ‘त्यांनी उत्तर दिलं नाही’ असं आलं, ते दुसऱ्या भागाला धरून. पूर्ण चित्रफीत लोकांकडे होती, त्यांनी ती शेजारी ठेवून पाहिली, आणि १४ तारखेला ग्लासगोत पॅसिफिक कीवरच्या बीबीसीच्या कार्यालयासमोर मोठा मोर्चा आला. बीबीसीने आपलं वृत्त समतोल असल्याचं सांगितलं. हा प्रसंग वापरणार असाल तर दोन्ही चित्रफिती मिनिट-सेकंदासह उतरवून काढा. कुणीतरी कापलेल्या तुकड्यावरून लिहू नका.

कोडबुक, म्हणजे प्रत्येक बातमीत काय आणि कसं नोंदवायचं याची नियमावली, दोन पानांचं पुरे. तारीख, वृत्तपत्र, आवृत्ती, पान, बातमी की लेख की अग्रलेख, पहिल्या तीन परिच्छेदांतले स्रोत नावासह, निनावी स्रोत आहे का, प्रतिपक्षाचं उत्तर कितव्या परिच्छेदात, आणि वरचे तीन रकाने. मथळ्याला स्वतंत्र रकाना द्या, कारण तो बातमीदार लिहीत नाही, उपसंपादक लिहितो, आणि बातमी सरळ असून मथळा तिरका असणं नेहमीचं आहे. किमान दहा टक्के बातम्या दुसऱ्या माणसाकडून स्वतंत्रपणे कोड करून घ्या. दोघांच्या नोंदी किती जुळतात ते सांगणारा क्रिपेनडॉर्फचा अल्फा ०.८० च्या वर गेला तर निश्चिंत व्हा. ०.६६७ च्या खाली राहिला तर दोष त्या माणसाचा नाही, तुमच्या व्याख्या सैल आहेत. पहिल्या फेरीत तो खालीच येतो, घाबरू नका, व्याख्या घट्ट करून पुन्हा बसा.

आवृत्तीबद्दल थोडक्यात. लंडनची वृत्तपत्रं स्कॉटलंडमध्ये वेगळी आवृत्ती काढतात, आणि ती कधीकधी उलट बोलते: २०१५ च्या निवडणुकीत ‘सन’ने लंडनमध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला पाठिंबा दिला आणि ‘स्कॉटिश सन’ने एसएनपीला, एकाच दिवशी. नेक्सिससारख्या वृत्तपत्रांच्या डिजिटल संग्रहात एकच मजकूर दोन-तीन आवृत्त्यांतून पुन्हा येतो, तो काढला नाही तर सगळी टक्केवारी फुगते. शिवाय तिथे नुसता मजकूर मिळतो, पानाची मांडणी आणि छायाचित्रं नाहीत. छापील पान पाहायचं तर एडिनबरातलं नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंड. ते जमणार नसेल तर प्रबंध मजकुरापुरता आहे असं पहिल्याच प्रकरणात लिहून टाका. त्यात कमीपणा नाही.

राजकीय युक्तिवाद तपासताना मागाहून आलेलं शहाणपण बाजूला ठेवा. तेलाचंच घ्या. नोव्हेंबर २०१३ च्या, स्कॉटलंड सरकारच्या स्वातंत्र्यावरच्या श्वेतपत्रिकेत २०१६-१७ साठी तेलाचा महसूल ६८० ते ७९० कोटी पौंड धरला होता. प्रत्यक्षात त्या वर्षीच्या सरकारी जमाखर्चात, ज्याला सगळे ‘गर्स’ म्हणतात, तो निघाला २०.८ कोटी. म्हणून २०१४ मध्ये तो अंदाज छापणारा बातमीदार पक्षपाती ठरत नाही. सार्वमताच्या उन्हाळ्यात पिंपाचा भाव शंभर डॉलरच्या वर होता, जानेवारी २०१५ मध्ये पन्नासच्या खाली गेला. विचारायचा प्रश्न हा, की ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी या ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय अंदाजसंस्थेचे अंदाज त्या काळातही बरेच खाली होते, ते शेजारी छापले होते का. चलनाच्या वादातही तसंच. १३ फेब्रुवारी २०१४ ला ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑझबर्न यांनी चलनसंघ, म्हणजे स्वतंत्र स्कॉटलंडसोबत पौंड सामायिक ठेवणं, नाकारला, लेबर आणि लिबरल डेमोक्रॅट नेत्यांनी दुजोरा दिला. २८ मार्चला ‘गार्डियन’ने एका निनावी मंत्र्याच्या हवाल्याने नेमकं उलट छापलं. नाव लावून बोललेला आणि निनावी, या दोघांना सारखं वजन द्यायचं का, हे कोडबुकात आधीच लिहा.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याला एक मोह आवरत नाही: स्वतंत्र विदर्भाशी किंवा संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याशी तुलना. करू नका. तिथे १७०७ मध्ये दोन राज्यं करार करून एक झाली आणि प्रश्न त्या करारातून बाहेर पडण्याचा आहे, आपल्याकडे प्रश्न एका देशातल्या राज्याच्या सीमेचा. तुलनेवर खर्च झालेली दहा पानं कोडबुकाच्या कामी येतील.

भावना मोजणारं सॉफ्टवेअर वापरून महिन्याचं काम दोन दिवसांत उरकण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. इशारा, धोका, तूट हे शब्द दिसले की ते यंत्र बातमीला नकारात्मक म्हणतं. इशारा कुणी दिला आणि कुणाला, हे त्याला कळत नाही, आणि या विषयात सगळं तिथेच आहे. ब्लॉगवरच्या ‘पक्षपाती मथळ्यांच्या’ याद्याही नमुना म्हणून घेऊ नका. त्या खऱ्या असतात, पण वेचलेल्या असतात. अभ्यासाला काय घ्यावं हे सुचवायला मात्र त्या फार उपयोगी.

मार्गदर्शक निवडताना त्यांनी २०१४ मध्ये मत कुणाला दिलं याची चौकशी करू नका. पहिल्या भेटीत कोडबुक मागणारे मार्गदर्शक धरा. विषयावर तासभर पोटतिडकीने बोलणारे आवडतात, पण मे महिन्यात पाचशे बातम्या समोर पडलेल्या असतात तेव्हा पहिलेच कामी येतात. एका बातमीला नीट कोड करायला सुरुवातीला वीस मिनिटं लागतात, हात बसल्यावर आठ-दहा. त्या हिशोबाने नमुना आखा: दोन वृत्तपत्रं आणि शेवटचे चार आठवडे एवढ्यावर एमएचा प्रबंध उभा राहतो. बीबीसीही घ्यायची असेल तर एक वृत्तपत्र कमी करा.