रायफलसाठी स्कोप घेताय? या चुका टाळा

स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं ते स्कोपशिवाय. ५० मीटर थ्री पोझिशन असो की १० मीटर एअर रायफल, या स्पर्धांत दुर्बीण चालत नाही. तिथे पीप साइटच्या बारीक भोकातून नेम धरायचा. तेव्हा पोरीला क्लबात घातलं म्हणून लगोलग स्कोप शोधणाऱ्या आईबाबांनी इथेच थांबावं. ते पैसे जॅकेट आणि पेलेट्सना लागतील.

स्कोप लागतो तो लांब पल्ल्याला, म्हणजे इंग्लंडात बिस्लीच्या रेंजवर हजार यार्डांवर चालणाऱ्या एफ-क्लास स्पर्धांना किंवा अमेरिकेतल्या प्रिसिजन रायफल सामन्यांना. आणि शिकारीला. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचं नाव काढायची सोय नाही, आणि ते बरंच झालं. इथे शिकारीचं जे येईल ते टेक्सास, पेनसिल्व्हेनियासारख्या ठिकाणी राहून हंगामात, रीतसर परवान्यावर जाणाऱ्यांसाठी.

डब्यावरचा मोठा आकडा

‘५-२५×५६’ म्हणजे पाचपासून पंचवीस पटीपर्यंत मोठं दिसणार, आणि पुढच्या भिंगाचा व्यास ५६ मिलिमीटर. गिऱ्हाइकाची नजर पंचविसावर जाते. पण व्यासाला पटीने भागा. २५ पटीवर डोळ्यापाशी येणारा उजेडाचा झोत जेमतेम सव्वादोन मिलिमीटरचा उरतो. भर दुपारी चालून जातं. तिन्हीसांजेला, हरणं झाडीबाहेर येतात नेमक्या त्या वेळी, चित्र काळवंडतं. जर्मनीत मचाणावर बसणारे शिकारी ८×५६ ला उगाच चिकटून राहिलेले नाहीत. तिथे झोत पुरा ७ मिलिमीटरचा मिळतो. फक्त पन्नाशीनंतर डोळ्याची बाहुली अंधारातही बहुधा पाचेक मिलिमीटरच उघडते, त्यामुळे वरचा उजेड आणि वरचं वजन दोन्ही फुकट.

पट वाढली की हाताची थरथर आणि जमिनीवरून उठणारी उन्हाची लहरही तितक्याच पटीने वाढते. उन्हाळ्यात दुपारी २५ पटीवर टार्गेट पाण्यात बुडाल्यासारखं हलायला लागतं. मुरलेले लोक पंधरा-अठरावर येऊन बसतात. शिवाय जवळ उठलेलं जनावर मोठ्या पटीत सापडतच नाही. अडीचशे यार्डांच्या आतल्या हरणाला साधा ३-९×४० पुरतो, आणि तोही बराच वेळ चारावरच ठेवायचा. कागदावर हजार यार्डांवर ग्रुप, म्हणजे गोळ्यांचे दाट पुंजके, मारायचे असतील तरच मोठ्या पटीला अर्थ आहे.

रेटिकल एका भाषेत, टरेट दुसऱ्या

स्वस्तातल्या स्कोपांत अजूनही हा घोळ सापडतो: आतल्या रेघा-खुणा (रेटिकल) मिलच्या आणि वरच्या गुंड्या (टरेट) एमओएच्या. दोन्ही कोनाची मापं. एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर, एक एमओए म्हणजे सुमारे २.९. गोळी कुठे पडली ते आत एका मापात मोजायचं आणि ३.४४ ने गुणून दुसऱ्या मापात फिरवायचं, तेही घड्याळ चालू असताना. दोन्हीकडे एकच माप घ्या. कुठलं, यावर लोक तासन्‌तास भांडतात. तुमच्या शेजारी झोपून नेम धरणारे जे वापरतात ते घ्या, म्हणजे त्यांनी सांगितलेलं वारं तुम्हाला जसंच्या तसं लावता येईल.

याहून महाग पडते ती फोकल प्लेनची गफलत, म्हणजे रेटिकल पट बदलणाऱ्या भिंगांच्या पुढे (पहिलं प्लेन) आहे की मागे (दुसरं), हे न बघणं. रेटिकल पहिल्या प्लेनवर असेल तर पटीबरोबर तेही लहानमोठं होतं आणि खुणांची किंमत कायम राहते. दुसऱ्या प्लेनवर असेल तर खुणा एकाच पटीवर खऱ्या असतात, बहुधा सर्वांत मोठ्या. समजा त्या २५ वर खऱ्या आहेत, आणि लहर फार म्हणून तुम्ही साडेबारावर आलात. आता दोन मिलची खूण चार मिलची झाली. ६०० मीटरवर हा फरक १ मीटर २० सेंटिमीटरचा होतो. मग दोष बॅरलला, दारूगोळ्याला, वाऱ्याला, सगळ्यांना लागतो. शिकारीला दुसरं प्लेन उत्तम, कारण कमी पटीवरही रेघा ठसठशीत दिसतात. फक्त खुणांनी नेम धरायचा असेल तर पट कुठे ठेवायची, ते पाठ हवं.

गुंडी मध्येच अडकते

.३०८ विंचेस्टर काडतुसाची रायफल १०० यार्डांवर झीरो केली, म्हणजे नेम आणि गोळी तिथे एका जागी आणली, तर हजार यार्डांसाठी अंदाजे ३८ ते ४० एमओए वर चढावं लागतं. स्कोपच्या गुंडीची एकूण चाल ६० एमओए असली तरी झीरो साधारण मधोमध बसतो, म्हणजे वर उरले तीस. सातआठशे यार्डांच्या पुढे कुठेतरी गुंडी फिरेनाशी होते आणि माणूस स्कोप बिघडला म्हणून परत पाठवायला निघतो. यावर इलाज २० एमओए उताराचा बेस, म्हणजे रायफलवरची स्कोप बसवायची पट्टी. नळी जाड घेण्याचं कारणही हेच, कारण ३० किंवा ३४ मिलिमीटरच्या नळीत आतला भाग सरकायला सहसा जागा जास्त असते. जाड नळीने उजेड वाढतो, हे दुकानदाराचं बोलणं.

झीरो हलतो, तेव्हा स्कोप सर्वांत शेवटी

माझ्या मते या खेळातले सर्वांत वाईट खर्च होणारे पैसे म्हणजे महागड्या स्कोपखाली लावलेल्या स्वस्त रिंगा, म्हणजे स्कोप बेसवर धरून ठेवणाऱ्या कड्या. झीरो हलायला लागला की आधी बेसचे स्क्रू बघा, मग रिंगांचे, मग स्टॉकचे, म्हणजे रायफलच्या दस्त्याचे. टॉर्क रेंच वापरा. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना बहुतेक कंपन्या १५ ते १८ इंच-पाउंड सांगतात. हाताच्या अंदाजाने आवळणारा बहुधा जास्तच आवळतो आणि नळी चेपते.

मग डोळा. पांढऱ्या भिंतीकडे बघत मागची आयपीस फिरवून रेटिकल आधी रेखीव करा. त्यानंतर रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून, हात न लावता, डोकं जरा वरखाली हलवा. रेघा टार्गेटवरून सरकत असतील तर तो पॅरॅलॅक्स. बाजूच्या गुंडीवर यार्डांचे आकडे असतात, त्यांवर विश्वास टाकू नका; रेघा सरकायच्या थांबेपर्यंत गुंडी फिरवा. ती गुंडीच नसलेले शिकारीचे स्कोप बहुधा १०० यार्डांवर बांधलेले असतात. तिथे गाल दर वेळी एकाच जागी टेकवणं, एवढाच उपाय.

लांबवर गोळी सतत एकाच बाजूला जात असेल तर स्कोप तिरका बसला असण्याची शक्यता मोठी. १० मिल चढवलेत आणि रायफल तीन अंश कलली, तर ९०० मीटरवर गोळी जवळजवळ ४७ सेंटिमीटर बाजूला जाते. १०० मीटरवर हे कळतही नाही. म्हणून ओळंबा सोडून कागदावर एक मीटरची उभी रेघ काढा आणि १०० मीटरवर लावा. खालच्या टोकाला गोळ्या मारा, १० मिल चढवा, नेम खालीच धरून पुन्हा मारा. दुसरा ग्रुप रेघेवरच, बरोबर एक मीटर वर पडला पाहिजे. रेघ सोडून गेला तर बसवण्यात खोट. रेघेवर पण ९६ सेंटिमीटरवर पडला, तर गुंडी खोटं बोलतेय. असा स्कोप वॉरंटीत परत करा.

एअर रायफलवाल्यांसाठी

स्प्रिंगर, म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर चालणाऱ्या एअर रायफलला धक्का कमी, म्हणून कुठलाही स्कोप चालेल, असं समजू नका. स्प्रिंग सुटताना रायफल मागे जाते आणि पिस्टन थडकला की उलट पुढे झेपावते. नुसता मागचा धक्का धरून बनवलेल्या स्कोपची भिंगं या पुढच्या हिसक्याने सैल होतात. स्प्रिंगरसाठी बनवला आहे असं लिहिलेलाच घ्या, स्कोप मागे सरकू नये म्हणून स्टॉप पिन लावा आणि पॅरॅलॅक्स दहा मीटरपर्यंत खाली येतो ना, ते पाहा.

अमेरिकेतून येताना भाच्यासाठी स्कोप बॅगेत टाकू नका. रायफल स्कोप तिथल्या निर्यात नियंत्रणाखाली येतो, विनापरवाना देशाबाहेर नेणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि इकडच्या कस्टम्सचे प्रश्न वेगळेच.