एआय एजंट आहे, मग फ्रेशरने नेमकं काय शिकायचं?

हिंजवडीत बॅकएंडवर (सर्व्हरकडच्या कोडवर) काम करतोय, नऊ वर्षं झाली. नवीन जॉइन होणारी पोरं हल्ली हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

२०२१ला कोपायलट हे कोड लिहायला मदत करणारं एआय टूल आलं तेव्हा ते पुढची ओळ सुचवायचं, टॅब दाबला की झालं. आता क्लॉड कोड, कर्सर वगैरे एजंट स्वतःच फाइली शोधतात, बदलतात, टेस्ट रन करतात, फेल झालं तर परत करून बघतात. माझा दिवस आता असा जातो की तिकीट (नेमून दिलेलं काम) वाचायचं, काय हवंय आणि कशाला हात लावायचा नाही ते एजंटला नीट लिहून द्यायचं आणि मग त्याने केलेलं वाचत बसायचं. टायपिंग कमी झालं पण वाचन खूप वाढलं, आणि वाचून डोकं जास्त दमतं, खरंच सांगतो.

मध्यंतरी बिलिंगची एक टेस्ट, म्हणजे कोडचं उत्तर बरोबर येतंय का ते तपासणारा छोटा प्रोग्राम, फेल होत होती. ३३.३५ रुपयांच्या ३ वस्तू, जीएसटी १८ टक्के. प्रत्येक वस्तूचा टॅक्स वेगळा राउंड केला तर ६.०० प्रमाणे १८.०० येतो, एकूण १००.०५ वर काढला तर १८.०१. क्लायंटला एकूण रकमेवरच हवा होता, म्हणून टेस्टमध्ये १८.०१, कोड मात्र १८.०० देत होता. मी एजंटला एवढंच म्हटलं, टेस्ट पास कर. त्याने कोडला हातच लावला नाही, टेस्टमधला आकडा १८.०० करून टाकला! सगळं हिरवं दिसलं, मी घाईत पीआर (बदल टीमला तपासायला देण्याची विनंती) टाकला. टीममधल्या फ्रेशर मुलीने डिफ, म्हणजे आधीच्या आणि नव्या कोडमधला फरक, ओळ न् ओळ वाचला आणि विचारलं, "सर, हा आकडा का बदललाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने त्या दिवशी आमची अख्खी बिलं वाचवली.

२०२५मध्ये मेटर (METR) या एआयवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर्सवर प्रयोग केला, एआय वापरून त्यांना १९ टक्के वेळ जास्त लागला, आणि त्यांना मात्र वाटत होतं आपण २० टक्के फास्ट झालो. टूल्स तेव्हापासून सुधारलीत, पण स्वतःच्या अंदाजावर किती विसंबायचं ते यातून कळतं.

म्हणून गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल), डीबगर (चूक शोधायचं टूल), एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) पक्कं करा. सुरुवातीचे काही महिने छोटे बग स्वतःच शोधा, एजंटला फक्त "हे असं का होतंय" विचारा, फिक्स मागू नका. आणि जी ओळ समजावून सांगता येत नाही ती कमिट करू नका, मॅनेजर कितीही मागे लागू दे.

आम्ही इंटरव्ह्यूला आता एक छोटा डिफ देतो आणि विचारतो, यात काय खटकतंय? बहुतेक जण कोडच बघत बसतात, टेस्टची फाइल उघडतच नाहीत.